घर तुहंच समज

१

आमच्या घरात कुठंही जायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच निघतो, तिथं संडास कुठं आहे. लग्नाला जायचं असो की देवाला, सासूबाईंना ते आधी सांगावं लागतं, नाहीतर त्या सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. म्हणून मुंबईचं म्युझियम पाहायचं ठरलं तेव्हा मी चित्रांच्या आधी संडास शोधायला बसले. यात हसण्यासारखं काही नाही.

झालं असं, की माझ्या सुरभीचं चित्र मुंबईला निवडलं गेलं. सुरभी पाचवीत आहे. आम्ही रोहण्याचे. माझे मिस्टर अंकुश भाजीपाला लावतात अन् आर्वीच्या बाजारात नेतात. सुरभीनं वांग्याच्या वाडीत उभा राहिलेला बाप काढला होता, बापापेक्षा वांगी मोठी. तिच्या चित्रकलेच्या माधवी मॅडमनी ते कुठंतरी पाठवलं, अन् एक दिवस त्यांचा फोन आला की मोठ्या म्युझियममध्ये लहान मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, त्यात हे भिंतीवर लागणार, खाली नाव लिहून. अंकुशनं त्या दिवशी बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली. माणूस बोलत नाही, पण असं काहीतरी करतो.

सुरभी म्हणजे भल्ली जिद्दी पोट्टी. एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की अंगणात लोळण घेते, असा गळा काढते की शेजारची तानाबाई भिंतीवरून डोकावून विचारते, कोण मेलं. मी धपाटे घालते, बोलते, पण खरं सांगू का, मला तिचा तो गळा आवडतो. मी माहेरी कधी मोठ्यानं रडले नाही. सासरी तर नाहीच.

माधवी मॅडमनी मोबाइलवर म्युझियमची लिंक पाठवली होती. बोट सरकवलं की पुढच्या खोलीत जाता येतं, फिरवलं की चारी भिंती दिसतात. जेवणं आटोपली की आम्ही चौघं दिवाणावर बसून म्युझियम फिरायचो. मी फोन धरायची, सुरभी बोट सरकवायची, अंकुश जिना किती उंच आहे ते पाहायचा. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्या चष्मा पुसत विचारायच्या, "बसाले काई हाये का तिथं?"

"हाये ना. बाक हाये."

"मंग ठीक हाये," म्हणायच्या, अन् पुढच्या खोलीत पुन्हा तेच विचारायच्या.

२

तळमजल्यावर अगदी टोकाला पितळी वस्तूंची खोली होती. समया, घंटा, पानदानं. मधोमध काचेची पेटी, अन् तिच्यात एका बाईचा पितळी मुखवटा.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात. पितळी मुखवटे, पायल्यांचं धड करून त्यावर लुगडी नेसवायची, जेवू घालायचं अन् तिसऱ्या दिवशी निरोप द्यायचा. पण घराण्याच्या महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी असतात. धाकट्यानं दुकानातून आणून मांडायच्या नाहीत, त्या आपणहून दारी याव्या लागतात. सासूबाई, म्हणजे शालूबाई, धाकट्या घरच्या. सगळं आयुष्य त्या तळेगावला जेठानीकडं, आनंदाबाईंकडं जाऊन आंबील ढवळत आल्या. आनंदाबाई मानानं करत, पण ढवळायला हात अन् पूजेला हात यात फरक असतोच.

"आली थे," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी आली."

"आत्याबाई, थे मोबाइलमधी हाये."

"तं काय झालं? जिथं दिसली तिथून आणाची."

मी किती समजावलं. भादवा नाही, पौष चाललाय म्हटलं. त्या ऐकेनात, डोळ्यांत पाणी आणलं. म्हातारं माणूस, एवढं काय मागते, असं वाटून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंकुश वाडीत होता. सासूबाईंनी तुळशीपासून घरात कुंकवाची पावलं काढली. मी दाराबाहेर ताट घेऊन उभी. ताटात फोन, फोनवर खण. आमच्या रिवाजात आतून विचारतात, कोण आलं, अन् आणणारी म्हणते, महालक्ष्मी आली. सासूबाईंनी विचारलं, "कोण आलं?" नेमकी तेव्हा तानाबाई भिंतीपलीकडं कपडे काढत होती. मला लाज वाटली. मी गप्पच राहिले.

"ये माय, ये," सासूबाई आतून म्हणाल्या, अन् मी उंबरा ओलांडला.

मग एकेक खोली दाखवायची. तोही रिवाजच. "हे सयपाकघर. तुहंच समज." कोठीत तुरीची पोती, "हे बी तुहंच समज." गोठ्यात कपिली रवंथ करत होती, "तुहंच समज माय." आमच्याकडं पाहुण्याला असंच म्हणतात. कोणी घर चांगलं आहे म्हटलं की तुमचंच आहे म्हणायचं, त्यात कोणी काही देत नाही. शेवटी मागची खोली. सुरभी तिथं पालथी पडून गृहपाठ करत होती.

"अन् हे आमची सुरभी," सासूबाई म्हणाल्या. "तुहीच समज."

सुरभी फिदीफिदी हसली.

जेवताना सासूबाई मला म्हणाल्या, "दारात भल्लं गोड बोलली तू. पण नुसतं 'मी आली' काऊन म्हणलं? नाव घ्याले पाह्यजे होतं ना."

मी काहीच बोलले नव्हते. तानाबाई तिच्या सुनेला काहीतरी म्हणाली असेल, असं मी मनात ठरवलं अन् भाकरी मोडली.

३

त्यानंतरच्या संध्याकाळी नेहमीसारखे बसलो. सुरभीनं पितळेच्या खोलीपर्यंत आणलं अन् विचारलं, "आई, हा दरवाजा होता का?"

मला आठवत होतं त्याप्रमाणं पेटीच्या मागं कोरी भिंत होती. आता त्या भिंतीत चौकट होती, साधी, लाकडी. मी म्हटलं, असेल, आपलं लक्ष नसेल. तिनं बोट सरकवलं.

आत स्वयंपाकघर होतं. ओटा, गॅस, मांडणीवर डबे.

अंकुश खूश झाला. "खेड्यातलं घर मांडलं हाये लोकाईनं. मुंबईवाल्याईले काय मालूम आपण कसं राह्यतो."

मी चित्र फिरवलं. गॅसच्या मागं भिंतीवर कृषी केंद्राचं कॅलेंडर होतं, अन् त्याच्या कडेनं काळा डाग डोकावत होता. आमच्या भिंतीवर तसाच डाग आहे. सुरभीच्या वेळी मला चक्कर आली अन् कढईतलं तेल पेटलं, त्याचा. तो झाकायलाच मी कॅलेंडर लावलंय.

आता कृषी केंद्राचं कॅलेंडर अर्ध्या तालुक्याच्या घरात आहे. काळा डाग कोणाच्या स्वयंपाकघरात नसतो? मी हसून म्हटलंसुद्धा, पाहा, अगदी आपल्यासारखं. पण फोन ठेवल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं माझ्या जिवावर आलं. अंकुशला म्हटलं, तूच आण.

४

मग विरजण लागेना. संध्याकाळी लावलेलं दूध सकाळी तसंच, पातळ अन् गोड. थंडीचे दिवस, होतं असं, म्हणून मी भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं. तरी तेच. गुळाच्या ढेपेला मुंगी लागेना. कापून ठेवलेला कांदा दोन दिवसांनी आत्ताच कापल्यासारखा ओला. मिरचीची फोडणी दिली तर घरात कोणाला ठसका लागेना, वास भांड्याबाहेर निघतच नव्हता. तानाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "नशीबवान हाये तू. फ्रीजचं बिल वाचलं."

म्युझियममध्ये स्वयंपाकघराच्या पुढं कोठी आली. तुरीची पोती, त्यातलं एक फाटलेलं अन् निळ्या दोरीनं शिवलेलं. ते अंकुशनं शिवलंय, वाकडंतिकडं, मी त्यावरून त्याला चिडवते. अंकुशनं ते पाहिलं अन् चिडवण्याची वाट न पाहता म्हणाला, "निळी दोरी कुठंबी भेटते." पण त्या दिवसापासून त्याला संध्याकाळी वाडीत कामं निघू लागली.

मी म्युझियमला फोन लावला. निमित्त सासूबाईंच्या गुडघ्यांचं होतं, चाकाची खुर्ची मिळते का ते विचारायचं. तिकडून एक मुलगी गोड बोलत होती. खुर्ची मिळेल म्हणाली. मग मी विचारलं, पितळेच्या खोलीच्या पुढं काय आहे?

"पुढं काही नाही ताई. तिथं इमारत संपते. मागं रस्ता आहे."

"अन् तो महालक्ष्मीचा मुखवटा?"

"महालक्ष्मीचा?" ती थांबली. "तो कशाचा आहे ते आमच्याकडं कोणालाच माहीत नाही. आम्ही नुसतं 'मुखवटा' लिहिलंय. तुम्हाला ओळखू आला का?"

मी फोन ठेवला अन् मुखवटा मोठा करून पाहिला. आधीच पाहायला हवा होता. आमच्याकडची कोणतीही बाई पहिल्यांदा तेच पाहते. महालक्ष्मीच्या नाकाला नथीसाठी भोक असतं, कानाला कुडीसाठी असतं. याला कुठंच भोक नव्हतं. नाक सपाट गुळगुळीत, कान बंद. या तोंडाला कधी कोणी नटवलं नव्हतं, कधी कोणी जेवू घातलं नव्हतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या ओट्याला धरून खाली बसल्या.

"मंग म्या कोणाले आणलं?"

मला त्यांचा राग आला होता, पण तो चेहरा पाहून मी त्यांच्या हातात पाणी दिलं.

५

गोठा आला त्या दिवशी कपिली गोठ्यात शिरेना. दावं ताणून अंगणातच उभी राहिली, मारलं तरी हलेना. फोनमध्ये तोच खुंटा, तीच गव्हाण, नुसती गाय नव्हती.

मी घाबरले म्हणजे किती घाबरले ते कसं सांगू. स्वयंपाकघर, कोठी, गोठा. ज्या क्रमानं आम्ही दाखवलं त्याच क्रमानं. त्यानंतर आम्ही एकच खोली दाखवली होती, अन् तिथं सासूबाई काय म्हणाल्या ते मला पाठ होतं. त्यांनाही होतं. दोघी एकमेकींकडं पाहत नव्हतो.

मी सुरभीची गोधडी पुढच्या खोलीत आणली अन् अंकुशला म्हटलं, मुंबईला जायचं नाही.

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. दूध, मुंग्या, दरवाजा, नाकाचं भोक. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नलू, तिकिटं निघाली हायेत. पोट्टीचं नाव लागून राह्यलं भिंतीवर. माह्या खानदानात कोणाचं नाव कुठं लागलं सांग. अन् तू विरजणाचं सांगून राह्यली मले."

"तुले नाई दिसून राह्यलं का थे?"

"मले काईच नाई पाह्याचं," तो म्हणाला. आवाज चढला होता, अन् त्यानं फोन पालथा घालून ठेवला.

सुरभीनं दारातून ऐकलं. मुंबई नाही एवढंच तिला कळलं. धावत अंगणात गेली, न्हाणीच्या फरशीवर आपटली, गुडघा सोलून निघाला, अन् मग जो गळा काढला. मी हळद घेऊन मागं गेले तर माझा हात झटकला, "मले तू नाई पाह्यजे," म्हणाली अन् मागच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

मी दार बडवलं. आतून तिचं रडणं येत होतं, श्वास ओढत, नेहमीसारखं. मग एका श्वासाच्या मधेच ते थांबलं. हळूहळू कमी झालं असं नाही. थांबलं.

अंकुश दार तोडायला कुऱ्हाड आणायला वळला, तेवढ्यात कडी निघाली. सुरभी उभी होती. केस विस्कटलेले, गुडघ्यावर रक्त.

"आई, भूक लागली," ती म्हणाली. मी तिला छातीशी धरलं. खूप वेळ धरलं. तिनं धरू दिलं.

६

दुसऱ्याच दिवशी आम्ही निरोप दिला. निरोपाला दहीभात लागतो, घरात दही होत नव्हतं, म्हणून तानाबाईकडून आणलं अन् स्वयंपाकघरात न नेता दारातच कालवलं. फोन ताटात ठेवला, अक्षता टाकल्या, ताट जागचं थोडंसं हलवलं. एरवी त्यानंतर पुन्हा येजो म्हणतात. सासूबाईंच्या तोंडात ते आलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग म्हणाल्या, "जा माय. हे घर आमचं हाये. लेकरू आमचं हाये. म्या चुकली."

मी स्क्रीन पाहिला. पितळेची खोली, पेटी, मुखवटा, मागं कोरी भिंत.

सकाळी विरजण लागलं होतं. घट्ट, सुरीनं कापावं असं. गुळाच्या ढेपेवर मुंग्यांची रांग होती अन् मी ओट्याजवळ उभी राहून त्या मुंग्यांकडं पाहत रडले. कपिली आपल्या पायानं गोठ्यात गेली. अंकुशनं त्या दिवशी स्वतः चहा केला, इतका गोड की पिववेना.

सुरभी शाळेत गेली, आली. कारल्याची भाजी खाल्ली. मुंबईला जायचं मी आता नक्की करते म्हटलं तर "बरं," म्हणाली.

"पाह्य, शहाणी झाली पोट्टी," अंकुश म्हणाला.

७

गुडघा मात्र सुकेना. हळद लावली, आर्वीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. रोज सकाळी पट्टी काढली की आत्ताच पडल्यासारखी जखम, लाल अन् ओली. पू नाही, वास नाही, दुखतही नाही म्हणते. संध्याकाळी वाडीकडून डास येतात, आम्ही सगळे फटाफटा मारत बसतो, तिच्या उघड्या पायावर एक बसत नाही. अंकुश म्हणतो, थंडी आहे, उशिरा भरेल. मीही तसंच म्हणत होते.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी पुन्हा म्युझियम उघडलं. पेटीच्या मागं चौकट होती. या वेळी स्वयंपाकघर नव्हतं, कोठी नव्हती, गोठा नव्हता. चौकटीतून सरळ मागची खोली दिसत होती. ज्याची त्याची वस्तू परत केली होती, एवढीच राहिली होती.

खाटेचं एक टोक दिसत होतं. त्यावर माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी. मी चित्र फिरवायचा प्रयत्न केला, ते त्याच्यापुढं फिरेना. खाटेच्या कडेला एक पाय लोंबत होता. लहान पाय, गुडघ्यावर वाळलेली तपकिरी खपली. खपलीच्या कडेला बोट. सुरभीला सवय आहे, खपली धरली की ती उचकटत बसते, मी किती वेळा हातावर मारलंय. गादी पलीकडच्या बाजूनं खाली दबलेली होती, तिथं कोणीतरी वजनदार बसल्यावर दबते तशी. कोण ते दिसत नव्हतं.

फोटो आहे, मी स्वतःला म्हटलं. फोटो हलत नाही. आणि तो हललाही नाही, मी डोळे दुखेपर्यंत पाहिलं. पण दुसऱ्या दुपारी उघडलं तेव्हा खपली अर्धी निघाली होती अन् खाली गुलाबी नवी कातडी आली होती.

मी सासूबाईंना दाखवलं. त्यांना मोतीबिंदूतून काय दिसलं कोण जाणे. त्यांनी फोनवरून हात फिरवला अन् म्हणाल्या, "वाळून गेली पोट्टी. जेवत नसन तिथं."

आता मी खरी तयारी करते आहे. कोणत्या दारानं आत जायचं, पहारेकरी कुठं उभा असतो, पितळेच्या खोलीपर्यंत किती वळणं आहेत, सगळं पाहून ठेवलंय. संडास नाही पाहिला. पिशवीत तिचं स्वेटर घेतलंय, आंबट बोरं घेतलीत, तिळाचे लाडू घेतलेत. भिंत असली तर भिंतीपाशी बसेन. कोणी उठवलं तर उठणार नाही, गळा काढेन. अंकुश म्हणतो, बरं झालं, तुझं डोकं ठिकाणावर आलं. तिकिटं चौघांची असली तरी दोघंच जाणार आहोत, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

हिला आज सांगितलं. वेणी घालताना सांगितलं, म्हणजे तोंड पाहावं लागू नये. चित्र तिचं, मुंबई तिची, महिनाभर ती त्याशिवाय दुसरं काही बोलली नव्हती. मी म्हटलं, "तुले नाई नेत मी. तू आजीजवळ राह्यजो." अन् हात वेणीतच ठेवून थांबले. मनात म्हणत होते, रड. लोळण घे. माझे केस ओढ, मला शिव्या दे, सगळं गाव गोळा कर. तू एकदा गळा काढलास तर मी ही पिशवी आत्ता विहिरीत टाकते.

"बरं," ती म्हणाली.